लाकडी सायकलीचा खरा हिशेब

सायकलीची चौकट पोलादाऐवजी लाकडाची केली तर नेमके काय वाचते, हे आधी आकड्यांनी तपासून पाहू. आपल्याकडची साधी काळी सायकल १८ ते २० किलोंची असते. त्यातली नुसती चौकट ३ किलोंची धरू. एक टन पोलाद तयार होताना जगभराच्या सरासरीने सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे या चौकटीच्या वाट्याला ६ किलो येतो. आता दुसरी बाजू. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. ३ किलोंच्या लाकडी चौकटीत दीड किलो कार्बन, म्हणजे झाडाने हवेतून ओढून घेतलेला साडेपाच किलो कार्बन डायऑक्साइड, चौकट शाबूत असेपर्यंत अडकून राहतो. दोन्ही आकडे मिळवले आणि लाकूड कापणे, वाळवणे, जोडणे यांचा खर्च शून्य धरण्याचे औदार्य दाखवले, तरी फरक पडतो साडेअकरा किलोंचा. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे लाकडी चौकटीची सगळी पुण्याई पाच लिटर पेट्रोलची. आखाडा बाळापूरहून मोटारसायकलने नांदेडच्या दोन-तीन फेऱ्या केल्या की ती संपली.

लाकडी आणि बांबूच्या सायकलींची ओळख करून देणाऱ्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर हा हिशेब मांडणे म्हणजे आपल्याच मालाची किंमत उतरवणे, असे कोणाला वाटेल. पण हा हिशेब लपवून लाकडाची बाजू मांडली, तर ती पहिल्याच चौकस वाचकापुढे कोसळते. रोज चालवली जाणारी पोलादी सायकल ही भिंतीला टांगलेल्या लाकडी सायकलीपेक्षा केव्हाही पर्यावरणाच्या अधिक कामाची. तेव्हा लाकडाचे समर्थन करायचे असेल तर ते दुसऱ्या पायावर करावे लागते. माल कुठे उगवतो, त्याला आकार कोण देतो, मोडल्यावर दुरुस्त कोण करतो आणि या सगळ्यात फिरणारा पैसा कोणत्या गावात थांबतो, हे ते प्रश्न आहेत. वस्तू शाश्वत आहे की नाही हे ती कशाची बनली एवढ्यावरून कळत नाही. तिच्या मागे उभी असलेली माणसे आणि जमीन किती काळ तग धरतात यावरून कळते. पुढील प्रकरणांत लाकडाची निवड, वाळवण, सांधे आणि चाचणी यांचा तपशील येईल. तो कोणत्या दृष्टीने वाचावा, एवढेच सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

या पुस्तिकेने आखाडा बाळापूर डोळ्यांसमोर ठेवण्याचे कारण यातूनच निघते. कळमनुरी तालुक्यातले, हिंगोली–नांदेड वाटेवरचे हे बाजाराचे गाव. आसपास हळद, ऊस, केळी, सोयाबीन आणि कापूस. मराठवाड्यातल्या अशा शेकडो गावांप्रमाणे येथेही सायकल विकत मिळते आणि दुरुस्तही होते, पण तिची घडण होते लुधियानात, हजारो सायकली एकदम बाहेर पडणाऱ्या कारखान्यांत. गावाच्या हाती पंक्चर काढणे आणि चेन बसवणे एवढेच राहते. पोलादाची नळी बाळापुरात ओढता येणार नाही, हे उघड आहे. लाकूड तासता येते, बांबू निवडता येतो, तागाची दोरी वळता येते. सायकलीच्या एवढ्या भागांपैकी जो भाग गावात घडू शकतो तो म्हणजे चौकट, आणि तो घडू शकतो तो लाकडामुळेच.

सायकलीचा जन्म लाकडातच झाला, ही गोष्ट येथे नुसत्या इतिहासाची नाही. १८१७ मध्ये मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने एकामागे एक दोन चाके ठेवून पायांनी जमीन ढकलत चालवायचे यंत्र रस्त्यावर आणले, ते मुख्यतः लाकडाचे होते. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये पेडल लावलेली सायकल आली, तिचीही चाके लाकडी आणि त्यांवर लोखंडी पट्टी. पुढे पोलादी नळी आली, रबरी टायर आला आणि लाकूड मागे पडले. तरी १८९४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बांबूच्या चौकटीच्या सायकली विकल्या जात होत्या, आणि लाकडी रिमा तर शर्यतीच्या सायकलींवर १९३० च्या दशकापर्यंत टिकून होत्या. लाकूड कमजोर म्हणून हटले असते, तर ज्या ठिकाणी चाकावर सर्वांत जास्त ताण येतो त्या शर्यतीत ते इतकी वर्षे राहिले नसते. ते हटण्याचे मोठे कारण कारखान्याच्या पद्धतीत आहे. पोलादी नळी एकसारखी असते; पहिली आणि दहा हजारावी यांत फरक नसतो, म्हणून न पाहता जोडता येते. लाकडाचा प्रत्येक तुकडा वेगळा, त्याला पारखणारा माणूस लागतो. मोठ्या कारखान्याला ही अडचण वाटते. ज्या गावात पारखणारी माणसे आहेत आणि त्यांना काम नाही, तेथे हाच गुण उपयोगी पडतो.

लाकूड सायकलीचा भार पेलेल का, ही शंका स्वाभाविक आहे आणि तिचे उत्तर मोजता येते. चौकटीत निर्णायक ठरतो तो वजनाच्या मानाने मिळणारा ताठपणा. पोलादाचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल आणि घनता ७.८५, भागाकार येतो २५. ॲल्युमिनियमचे आकडे ७० आणि २.७, भागाकार पुन्हा २६ च्या जवळ. चांगल्या वाळलेल्या सागाचे १२ आणि ०.६५ धरले तर १८. बांबूचा आकडा जात आणि वय पाहून २० च्या आगेमागे राहतो. म्हणजे लाकूड मागे आहे, पण फार मागे नाही. आणि लाकूड हलके असल्यामुळे त्याच वजनात जाड नळी किंवा जाड पट्टी घेता येते, व जाडी वाढली की वाकण्याला होणारा विरोध झपाट्याने वाढतो. बांबूला तर निसर्गानेच नळीचा आकार दिला आहे, आणि त्याचे सर्वांत मजबूत तंतू बाहेरच्या सालीजवळ, म्हणजे नेमके हवेत तेथे, दाटलेले असतात. लाकडाची खरी कमजोरी आडव्या दिशेला आहे. तंतूंच्या दिशेने ते वजनाच्या मानाने पोलादाच्या जवळपास पोचते. तंतूंना आडवा ताण आला की चिरते. म्हणून लाकडी सायकलीचे सगळे कौशल्य सांध्यांत असते. हँडलचा दांडा, पेडलचा आस आणि मागचे चाक जेथे बसते तेथे धातूचे तुकडे घालावेच लागतात, आणि नळ्या जेथे भेटतात तेथे ताग किंवा तत्सम तंतू रेझिनमध्ये भिजवून आवळून गुंडाळावे लागतात.

लाकडाची ही दिशा ओळखणे मराठवाड्यातल्या सुताराला कोणी शिकवावे लागत नव्हते. बैलगाडीचे चाक हे त्याचे प्रमाणपत्र होते. तुंबा बाभळीचा, आरे आणि पुठ्ठे बाभळीचे किंवा तिवसाचे. वरून लोखंडी धाव तापवून चढवायची, ती निवताना आकसते आणि सगळे सांधे एकदम आवळते. यात खिळा नाही, गोंद नाही. कोणते लाकूड दाबाला टिकते, कोणते लवचीक आहे, कोणते वाळताना वाकडे होईल, याचे ज्ञान त्या चाकात साठलेले होते. दणके खाणाऱ्या भागांना धावडा, वाकून पुन्हा सरळ होणाऱ्या दांड्याला धामण, ही निवड पिढ्यांच्या अनुभवातून आली होती. बुरुडाचे ज्ञान याच जातीचे: कोवळा बांबू विणायला, जून बांबू उभा करायला, वय किती ते रंगावरून आणि आवाजावरून ओळखायचे. टायरच्या गाड्या आल्या, ट्रॅक्टर आले, प्लास्टिकच्या टोपल्या आल्या आणि हे ज्ञान बाजाराबाहेर गेले. गाडीचे चाक परत येणार नाही आणि यावे अशी इच्छाही कोणी धरू नये. पण त्या चाकामागची पारख अजून पूर्ण पुसलेली नसताना तिला नवे काम मिळू शकते, हा या पुस्तिकेचा मुख्य आग्रह आहे.

असे काम इतरत्र मिळाले आहे. पुण्यात हवाई दलातून निवृत्त झालेले अधिकारी शशिशेखर पाठक यांनी ‘बांबूची’ या नावाने हाताने घडवलेल्या बांबूच्या सायकली तयार केल्या. महाराष्ट्रातल्या वाचकाला जवळचे उदाहरण तेच. इंडोनेशियात जावा बेटावरच्या तेमांग्गुंग भागात सिंगगिह कार्तोनो या अभिकल्पकाने आपल्या खेड्यातच राहून ‘स्पेदागी’ ही बांबूची सायकल घडवली. २०२२ च्या जूनमध्ये इंडोनेशियाचे तेव्हाचे अध्यक्ष जोको विडोडो आणि ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बानीज बोगोर येथे बांबूच्याच सायकलींवर फिरले, तेव्हा तिची चर्चा जगभर झाली. कार्तोनो यांचा हेतू मात्र सायकल विकण्यापुरता नाही. शहराकडे निघून गेलेले कौशल्य खेड्यात परत आणणे हा आहे. घानामध्ये बर्निस डापा यांच्या संस्थेने ग्रामीण तरुणांना, विशेषतः मुलींना, बांबूच्या चौकटी बनवायला शिकवले. कांगोतल्या गोमा शहराचे उदाहरण तर याहून रोखठोक आहे. तेथे ‘चुकुडू’ नावाची लाकडी दुचाकी आहे. तिला पेडल नाही, चेन नाही, आणि तिच्यावरून काही क्विंटल ओझे उतारावर नेले जाते. ती शोभेची नाही, पोटापाण्याची आहे. याच्या उलट अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरातील ‘रेनोव्हो’ या कंपनीने कठीण लाकडाच्या अतिशय देखण्या, पोकळ चौकटीच्या सायकली बनवल्या; त्यांची कारागिरी वाखाणली गेली, पण २०१८ मध्ये कंपनी बंद पडली. ही उदाहरणे शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते: लाकूड सायकलीला चालते, हे सिद्ध झाले आहे, पण ते कोणासाठी आणि कोठे चालते, याचे उत्तर प्रत्येक जागी वेगळे निघते.

येथे पहिला गंभीर आक्षेप येतो. मराठवाड्यात जंगल आधीच अत्यल्प. त्यात सायकलीसाठी झाडे तोडायची का? आक्षेप रास्त आहे आणि त्याने आपली निवड ठरवली पाहिजे. साग आणि तिवस ही दोन्ही झाडे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीत आहेत. ती शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हणून सायकलीचा मुख्य माल बांबू असावा आणि तो बांधावरचा असावा. बांबूच्या बेटातून दरवर्षी तीन-चार वर्षांचे जून वासे काढले तरी बेट मरत नाही, उलट मोकळे होऊन जोमाने फुटते. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतातला बांबू तोडण्या-नेण्याचा जाच संपला. लातूर जिल्ह्यातल्या लोदगा येथून पाशा पटेल यांनी बांबू लागवडीचा आग्रह धरला आहे. त्यामुळे मराठवाड्याला हा विषय अपरिचित राहिलेला नाही. कोकणातला माणगा जवळजवळ भरीव आणि सरळ, आपल्याकडच्या कोरड्या रानातला मानवेलही जाड भिंतीचा. सुरुवातीची दोन-तीन वर्षे पाणी मिळाले तर तो तगतो. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या इसापूर धरणाचे पाणी जेथे पोचते तेथे हे अवघड नाही. आणि लाकूड वापरूच नये म्हणणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी: या भागात लाकूड आजही खर्च होतेच, पण सरपण म्हणून. हळद काढल्यावर ती शिजवायला भट्टीत लाकडे जातात. जळालेली बाभूळ आपला कार्बन तासाभरात हवेला परत देते. तीच बाभूळ दांडा किंवा पट्टी झाली तर काही वर्षे टिकते आणि अखेर सरपण व्हायला मोकळीच असते.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, पावसाळ्यात हवा ओली होते. अशा ठिकाणी बांबू चिरणार आणि घुण लागणार, यात शंका नाही. बांबूतल्या पिठूळ अंशावर घुण जगतो. म्हणून पावसाळा संपल्यावर, त्यातली साखर-पीठ कमी असताना तोडणी करायची, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवायचा, सावलीत सावकाश वाळवायचा आणि वर ओल शिरणार नाही असा लेप द्यायचा, ही पद्धत सर्वज्ञात आणि स्वस्त आहे. तीत घाई केली तर चौकट पहिल्याच वैशाखात तडकेल. यापुढची गोष्ट सुरक्षिततेची, आणि तेथे सवलत नाही. सायकलींच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ४२१० मध्ये, चौकटीवर पेडलच्या जोराने एक लाख वेळा ताण देऊन पाहण्याची चाचणी आहे. हाताने घडवली, गावात घडवली, हेतू चांगला होता, यांपैकी काहीही त्या चाचणीला पर्याय नाही. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा तंत्रनिकेतनात असे साधे यंत्र उभे करता येते. चाचणी न झालेली चौकट रस्त्यावर पाठवणारा माणूस एका अपघाताने या सगळ्या विचाराचे नाव घालवून बसेल.

तिसरा आक्षेप किमतीचा, आणि माझ्या मते सर्वांत जड तोच. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते. त्यासाठी एका मुलीमागे मिळणारी रक्कम पाच हजार रुपयांच्या घरातली आहे. ग्रामीण महाराष्ट्रात सायकल कशाला लागते आणि किती पैशांत लागते, याचे हे सरकारमान्य माप. हाताने घडवलेल्या बांबूच्या सायकलीची किंमत याच्या कितीतरी पट होते, कारण एका चौकटीत बऱ्याच दिवसांची मजुरी जाते आणि चाके, चेन, ब्रेक हे सगळे बाहेरूनच विकत आणावे लागते. म्हणून शाळकरी मुलीला लाकडी सायकल द्या असे ही पुस्तिका म्हणत नाही. तिला पोलादी सायकल मिळावी, वेळेवर मिळावी आणि तिची दुरुस्ती गावात व्हावी. गावात घडलेल्या चौकटीचा पहिला ग्राहक गावातला नसेल. तो पुणे, नांदेड, छत्रपती संभाजीनगर येथला, जास्त पैसे मोजणारा असेल. यात लाजण्यासारखे काही नाही. पैठणीही विणणाऱ्याच्या घरात नेसण्यासाठी विणली जात नव्हती. मात्र केवळ श्रीमंत ग्राहकावर उभा राहिलेला उद्योग किती डळमळीत असतो, हे रेनोव्होने दाखवले आहे. म्हणून चौकटीबरोबर स्थानिक गरजेचे कामही हाती असायला हवे.

ते काम आहे. सायकलीमागे जोडायचा दोन चाकी गाडा हा पूर्ण लाकडाचा होऊ शकतो. भाजीवाल्याला, दूधवाल्याला, पाण्याचे जार पोचवणाऱ्याला तो लागतो, आणि त्यात चौकट मोडून माणूस पडण्याचा धोका कमी. जड ओझ्याचा कॅरियर, चिखलरोधक पत्र्याऐवजी वाकवलेली बांबूची पट्टी, शाळेच्या दप्तराची टोपली, हे बुरुडाच्या हातचे आहे. लहान मुलांची पेडल नसलेली ढकलसायकल तर ड्राइसच्या यंत्राचेच लेकरू. तिच्यात चेन नाही, वेग कमी, भार कमी, आणि अंगणवाड्या व बालवाड्या हे तिचे मोठे गिऱ्हाईक होऊ शकते. या वस्तूंवर हात बसला, वाळवण आणि सांध्यांची शिस्त अंगी आली, मगच मोठ्या माणसाच्या चौकटीकडे वळावे. प्रकरणांचा क्रम याच चढणीप्रमाणे लावला आहे, आणि वाचकाने शेवटच्या प्रकरणावर आधी उडी मारू नये.

आणखी दोन हरकतींची दखल थोडक्यात घेतो. सांध्यांत वापरायचे इपॉक्सी रेझिन खनिज तेलातून येते आणि त्याचा पुनर्वापर होत नाही. हे खरे आहे. त्याचे प्रमाण चौकटीच्या वजनात थोडे असते, तरी ‘शंभर टक्के नैसर्गिक’ असे लेबल कोणी लावू नये. दुसरी हरकत प्रतिष्ठेची: ज्यांच्या घरातून लाकडी औत आणि लाकडी गाडी नुकतीच गेली, त्यांना लाकूड म्हणजे मागासपणा वाटतो. ही भावना उपदेशाने जात नाही. वस्तू चोख बनली, तिची दुरुस्ती दारात झाली आणि तिच्यावर चार घरे चालली, तर ती आपोआप जाते. नाही झाले, तर ती भावनाच बरोबर होती असे समजावे.

तेव्हा पुढची पाने वाचताना प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारावेत. तिचा माल पंचक्रोशीत पुन्हा उगवतो का? ती घडवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस त्याच पंचक्रोशीत राहतो का? आणि ती निदान तिची झाडे पुन्हा वाढायला लागतील इतकी वर्षे वापरात राहील का? तिन्हींना होकार मिळाला तर लाकूड हा योग्य माल आहे, मग वाचलेला कार्बन पाच लिटर पेट्रोलएवढा असो की त्याहून कमी. एकालाही नकार आला तर घरातली जुनी पोलादी सायकल काढावी, तिची बेअरिंगे बदलावीत, तेल घालावे आणि चालवावी. या पुस्तिकेने सांगितलेल्या विचाराला त्यामुळे बाध येत नाही, कारण दुरुस्तीचे ते काम आणि त्याचा पैसा गावातच राहतो.